टेक्सासची सोशल स्टडीज मानकं नव्याने लिहिली जात आहेत: आपली ओळ कुठे आणि कशी मागायची

खडूफळा

"सहावीतून दिवाळी काढली, सगळ्यांनी निषेध नोंदवा" असा निरोप टेक्सासमधल्या मराठी गटांवर फिरतो आहे. त्यात अर्धं खरं आहे आणि उरलेलं बोट भलत्याच जागी ठेवलेलं आहे. म्हणून हा धागा.

टेक्सासच्या सरकारी शाळांत काय शिकवायचं ते 'टीक्स' या मानकांत लिहिलेलं असतं. हा राज्याच्या प्रशासकीय नियमावलीचा भाग आहे, सोशल स्टडीजसाठी प्रकरण ११३. ती मंजूर करणारं राज्य शिक्षण मंडळ १५ जणांचं, मतदारसंघांतून निवडून आलेलं. टीईए ही सरकारी यंत्रणा मसुदे सांभाळते, पण मत मंडळाचं. पहिला संच १९९७-९८ चा, मोठी फेरआखणी २०१० मध्ये, काटछाट २०१८ मध्ये. २०२२ मध्ये पुन्हा पूर्ण काम हाती घेतलं आणि वाद वाढल्यावर २०२५ पर्यंत पुढे ढकललं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंडळाने नवा इयत्तावार आराखडा ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. वेळापत्रकानुसार अंतिम मानकं २०२६ च्या उन्हाळ्यात, आणि वर्गात २०३० पासून.

आता दिवाळी. सध्याच्या सहावीच्या 'जागतिक संस्कृती' विषयात समकालीन समाजांतल्या धार्मिक सणांचं महत्त्व सांगणारी एक ओळ आहे. तिच्यात ख्रिसमस, ईस्टर, रमजान, हज, योम किप्पूर, रोश हशाना, दिवाळी आणि वैशाखी ही नावं येतात. दिवाळी कोणी वेचून काढलेली नाही. नव्या आराखड्यात सहावीचा हा स्वतंत्र विषयच नाही. तिसरी ते आठवी सगळं कालक्रमाने, आणि टेक्सास व अमेरिकेच्या इतिहासाला जास्त वजन. घरच पाडलं तर खुंटीवरचा सदरा गेला म्हणून काय भांडायचं?

सदाशिवपेठी

पुण्यातून प्रश्न. आमच्याकडे बालभारती पुस्तक बदलते आणि विषय संपतो. तुमच्याकडे पुस्तकात काय छापलंय ते न बघता या नियमावलीत काय डोकं खुपसताय?

तळटीप

रास्त प्रश्न. बालभारती १९६७ पासून स्वतःच पुस्तक तयार करते आणि राज्य मंडळाच्या शाळा तेच वापरतात. अभ्यासक्रम आणि पुस्तक यांत अंतर उरत नाही. अमेरिकेत राज्य मानक लिहितं, पुस्तकं खाजगी प्रकाशक काढतात, आणि कोणतं घ्यायचं ते स्थानिक शाळा-जिल्हा ठरवतो. टेक्सासमध्ये असे हजारावर जिल्हे आहेत. पुस्तकातलं वाक्य बदलून घेतलंत तर एका प्रकाशकाच्या एका आवृत्तीत बदल होतो. मानकातली ओळ बदलली तर सगळ्यांनाच बदलावं लागतं.

वॉशिंग्टनकडे दाद मागायची सोयही नाही. शाळा हा राज्यांचा विषय आहे आणि २०१५ च्या संघीय शिक्षण कायद्याने केंद्राला अभ्यासक्रम लादायला स्पष्ट मनाई केली आहे. त्याच कायद्यात गणित, वाचन आणि विज्ञानाच्या परीक्षा सक्तीच्या आहेत, सोशल स्टडीजची नाही. त्यामुळे प्राथमिक शाळेत वेळ कमी पडला की पहिली कात्री याच विषयाला.

"टेक्सासचं पुस्तक सगळी अमेरिका वाचते" हे जुनं वाक्य आता तितकं खरं नाही. २०११ च्या कायद्यापासून मंडळाच्या यादीबाहेरचं साहित्यही जिल्ह्यांना राज्याच्या पैशातून घेता येतं. उलट २०२३ च्या कायद्याने मंजूर यादीतलं साहित्य घेणाऱ्या जिल्ह्याला विद्यार्थ्यामागे ४० डॉलर जादा ठेवलेत, राज्याच्या मालकीचं साहित्य छापून घेतलं तर आणखी २०. पैशाची ओढ पुन्हा मंडळाकडे.

सदाशिवपेठी

म्हणजे चौथीला आपल्याकडे शिवाजी महाराज, तिकडे अलामो?

खडूफळा

अगदी. आणि अलामोची, म्हणजे टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातली, लढाई दोनदा: चौथीला टेक्सास, सातवीला परत टेक्सास. पाचवीला अमेरिका, आठवीला १८७७ पर्यंतची अमेरिका, नववीच्या पुढे १८७७ नंतरची. जग म्हणून जे काही होतं ते सहावीत आणि मग थेट हायस्कूलच्या जागतिक इतिहास-भूगोलात. नवा आराखडा ही पुनरावृत्ती मोडून एकच धागा कालक्रमाने नेतो. कल्पना वाईट नाही. सुटे तुकडे शिकलेल्या मुलांना क्रम सांगता येत नाही, ही तक्रार खरीच आहे. अडचण वजनात आहे.

आणि एक अडचण जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कालक्रमाने जायचं ठरलं की प्राचीन संस्कृती आपोआप खालच्या इयत्तांत सरकतात. सिंधू संस्कृती, बुद्ध, मौर्य हे सगळं आठ-नऊ वर्षांच्या मुलांसमोर. त्या वयाला मोहेंजोदडोची गटारं आणि विटा छान समजतात. वर्णव्यवस्था, कर्म, निर्वाण समजत नाहीत. मग पुस्तकात उरतात एक चित्र आणि दोन वाक्यं, आणि घोटाळे अशा दोन वाक्यांतच होतात.

पिंपळपान

वेळेचा हिशेब मांडते, त्याशिवाय "हेही घाला, तेही घाला" थांबत नाही.

टेक्सासमध्ये वर्षाला किमान ७५,६०० मिनिटं शाळा चालावी लागते. दिवसाला ४२० मिनिटं धरली तर १८० दिवस. परीक्षा, सराव, सहली, हवामानाच्या सुट्ट्या वजा करून सोशल स्टडीजचे १५० तास हाती लागले आणि तास ४५ मिनिटांचा असला, तर एकूण ६,७५० मिनिटं. एका इयत्तेच्या मानकांत ७५ अपेक्षा, म्हणजे शिकवायच्या ओळी, असल्या तर प्रत्येकीला ९० मिनिटं, म्हणजे दोन तास. त्यातच उजळणी, चाचणी आणि गैरहजर मुलांची भरपाई. हे आकडे समजण्यापुरते धरलेत, पण प्रमाण साधारण असंच पडतं.

२०१८ च्या काटछाटीत शिक्षकांच्या गटाने ऐतिहासिक व्यक्तींना गुण द्यायची पट्टी केली होती. या व्यक्तीमुळे मोठं वळण आलं का, उपेक्षित गटातली आहे का, तिचा प्रभाव टिकेल का, असे प्रश्न, एकूण २० गुण. हेलन केलरला ७ मिळाले, हिलरी क्लिंटन यांना ५. दोघींना वगळल्याने अनुक्रमे ४० आणि ३० मिनिटं वाचतील असा हिशेबही दिला होता. सप्टेंबरमध्ये नावं गेली, देशभर बोंब झाली, नोव्हेंबरमध्ये परत आली. पट्टी चांगली की वाईट हा वाद वेगळा. एक नाव म्हणजे अर्धा-पाऊण तास, एवढं त्यातून घ्या. नाव मागणाऱ्याने तो अर्धा तास कुठून आणायचा हेही सांगावं.

खाडीकाठ

कॅलिफोर्नियातून. आमच्याकडची गोष्ट टेक्सासवाल्यांनी नीट बघावी, कारण आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त ऊर्जा इथे घातली आणि ती चुकीच्या कागदावर गेली.

इथे दोन कागद आहेत. एक 'मानकं', १९९८ ची. दुसरा 'फ्रेमवर्क', म्हणजे मानकं कशी शिकवायची याचं जाडजूड मार्गदर्शन. तो जुलै २०१६ मध्ये नव्याने मंजूर झाला. २००५-०६ मध्ये सहावीच्या पुस्तकांतल्या हिंदू धर्माच्या वर्णनावरून वाद पेटला, खटले झाले. २०१६ मध्ये पुन्हा, या वेळी फ्रेमवर्कवरून: 'इंडिया' लिहायचं की 'साऊथ एशिया', जात हिंदू धर्माशी किती जोडायची. हिंदू संघटना एका बाजूला, दलित आणि इतर दक्षिण आशियाई गट दुसऱ्या बाजूला, तज्ज्ञांची पत्रं दोन्हीकडून. सुनावणीला रांगा.

या सगळ्यात १९९८ च्या मानकांना कोणी हात लावला नाही. सहावीच्या प्राचीन भारताचं मानक ६.५, त्यात सात उपकलमं. दुसरं उपकलम आजही "आर्यांच्या आक्रमणांचं महत्त्व सांगा" असं आहे. चौथं, जातिव्यवस्थेची सामाजिक रचना. पाचवं बुद्ध, सहावं मौर्य आणि अशोक, सातव्यात संस्कृत साहित्य, भगवद्गीता, वैद्यक, धातुविद्या, अंक आणि शून्य. आक्रमणाचा सिद्धांत त्या रूपात आज अभ्यासक मांडत नाहीत, ते स्थलांतराबद्दल बोलतात. फ्रेमवर्कची भाषा त्यानुसार सुधारली, वरचं मानक मात्र जिथल्या तिथे. शिक्षकाने मानकाचा क्रमांक फळ्यावर लिहिला की 'आक्रमणं' परत हजर.

सदाशिवपेठी

आणि मराठे?

खाडीकाठ

सातवीच्या मध्ययुगीन जगाच्या मानकांत रोम आहे, इस्लामी जग आहे, चीन, घाना-माली, जपान, युरोप, माया-इंका-अझ्टेक आहेत. भारताचं स्वतंत्र मानक नाही. विजयनगर नाही, मुघल नाहीत, मग मराठे कुठून येणार? २०१६ च्या फ्रेमवर्कमध्ये मध्ययुगीन दक्षिण आशियाचा भाग आला, पण मानक तसंच.

म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मुलाला भारत भेटतो तो सहावीत, इसवी सनाच्या आगेमागे, आणि मग थेट वसाहत म्हणून. मधली हजार-बाराशे वर्षं कोरी. 'जात' हा शब्द खोडायला लोक भांडले, पण या कोऱ्या जागेवर कोणी बोट ठेवलं नाही.

इलिनॉयकर

जातीच्या ओळीबद्दल स्पष्ट बोलतो. "काढा" ही मागणी चूक आहे आणि टिकणारीही नाही. जात होती, आहे, आणि तिने माणसं चिरडली. महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हे झाकायच्या फंदात पडू नये. मागायचं तर हे मागा की जात गोठलेलं चित्र म्हणून येऊ नये. चार पायऱ्यांचा पिरॅमिड, तळाशी 'अस्पृश्य', आणि प्रकरण संपलं, असं ते आज शिकवलं जातं. काळाप्रमाणे झालेला बदल, प्रदेशाप्रमाणे फरक आणि आतून झालेला विरोध हवा. १८४८ ची फुल्यांची मुलींची शाळा, आंबेडकर, १९५० ची राज्यघटना. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, त्यामुळे अमेरिकेच्या वर्गात त्यांना आणायला फार लांबून यावं लागत नाही.

पण खाडीकाठ म्हणतात तेच: सहावीत फक्त प्राचीन काळ असेल तर फुले-आंबेडकरांना जागाच नाही. व्यवस्था शिकवायची आणि तिच्याविरुद्धची लढाई नाही, हा दोष वाक्याचा नाही, इयत्तांच्या वाटणीचा.

खाडीकाठ

मान्य, फक्त एक जोड. ज्या मुलाकडे बघून वर्गातली मुलं "तू कुठल्या जातीचा" विचारतात ते मूल अकरा वर्षांचं असतं. त्याला संदर्भ देणं शिक्षकाचं काम आहे, आणि बहुतेक शिक्षकांकडे त्या विषयाची दोन पानं आणि एक चित्रफीत एवढंच असतं. मानकात 'रचना सांगा' लिहिलंय म्हणून ते रचनाच सांगतात.

तळटीप

हाच मुद्दा टेक्सासला लावू. टीक्स वाचताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, पातळी. आकड्याचं कलम म्हणजे ज्ञानाचं व्यापक विधान: "विद्यार्थ्याला अमुक समजतं". त्याखाली अक्षरांची उपकलमं, ए, बी, सी: "विद्यार्थ्याकडून अपेक्षित आहे की तो" आणि मग क्रियापद. परीक्षा आणि पाठ्यसाहित्याची तपासणी अक्षरांवर होते. भारताचं नाव फक्त वरच्या आकड्यात आलं तर वर्गात काही घडेलच असं नाही.

दुसरी, क्रियापद. ओळखणे, वर्णन करणे, स्पष्ट करणे, तुलना करणे, विश्लेषण करणे. 'ओळखणे'ला दहा मिनिटं लागतात, 'विश्लेषण'ला दोन तास.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: 'इन्क्लूडिंग' की 'सच ॲज'. टीक्सच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की 'इन्क्लूडिंग'च्या पुढचा मजकूर विद्यार्थ्याने आत्मसात केलाच पाहिजे, आणि 'सच ॲज'च्या पुढची फक्त शक्य उदाहरणं. दिवाळी 'सच ॲज'मध्ये आहे. म्हणजे आजही ती न शिकवणारा शिक्षक नियमात बसतो. याउलट हायस्कूलच्या जागतिक इतिहासात धर्मपरंपरांच्या उगम-प्रसाराची ओळ आहे, तिच्यात बौद्ध, ख्रिस्ती, कन्फ्यूशियन, हिंदू, इस्लाम, ज्यू आणि शीख ही नावं 'इन्क्लूडिंग'मध्ये आहेत. ती सक्तीची.

गंमत म्हणजे २००९ च्या मसुद्यात समितीने सहावीच्या त्या यादीतून ख्रिसमस काढून दिवाळी घातली होती. गदारोळ झाला, ख्रिसमस परत आला, दिवाळीही राहिली. एवढा गोंधळ अशा ओळीवर, जी बंधनकारकच नव्हती.

खडूफळा

शब्दांचा क्रमही बघा. २०१० मध्ये अमेरिकी यादवी युद्धाची कारणं "विभागवाद, राज्यांचे हक्क आणि गुलामगिरी" अशी लिहिली होती, गुलामगिरी शेवटी. २०१८ मध्ये ते वाक्य मोडून "गुलामगिरीच्या विस्ताराची मध्यवर्ती भूमिका" पुढे आणली आणि विभागवाद, राज्यांच्या हक्कांवरचे मतभेद आणि युद्ध हे तिचे परिणाम केले. विषय तेच तीन. व्याकरण बदललं आणि कारण-परिणाम उलटला. आपल्या ओळींनाही हे लावता येतं.

जर्सीकर

न्यू जर्सी आणि इलिनॉयने वेगळी वाट धरली: कायदा. इलिनॉयने २०२१ मध्ये आशियाई-अमेरिकन इतिहासाचा घटक सक्तीचा केला, देशात पहिला. जानेवारी २०२२ मध्ये न्यू जर्सी. मंडळ, मसुदे काही नाही, विधिमंडळात विधेयक आणि राज्यपालांची सही. टेक्सासमध्ये हेच का करू नये?

इलिनॉयकर

करा, पण पदरात काय पडतं ते बघा. इलिनॉयच्या कायद्यात 'घटक' आहे, किमान वेळ किती द्यायचा ते प्रत्येक शाळा-मंडळ ठरवतं. एका जिल्ह्यात दोन आठवडे, शेजारच्यात मे महिन्यातली एक दुपार, आणि कायदा दोघांनीही पाळला. कायद्याने दार उघडतं, पण आत कोणत्या खुर्चीत बसवायचं ते मानकातच ठरतं. टेक्सासचं विधिमंडळ विषय घालायला मागे हटत नाही हे खरं. २०२५ मध्ये कम्युनिस्ट राजवटींबद्दल शिकवण्याचा कायदा झालाच. प्रत्येक असा कायदा पिंपळपान यांच्या ६,७५० मिनिटांतूनच वजा होतो.

जर्सीकर

व्हर्जिनियात मंडळ नेमलेलं असतं. तिथे तरी सुरळीत चालतं का?

तळटीप

नाही. तिथे नऊ सदस्य राज्यपाल नेमतात आणि मानकांचा आढावा सात वर्षांनी घ्यावाच लागतो. आढाव्याच्या मध्येच सरकार बदललं. ऑगस्ट २०२२ चा मसुदा चारशेहून जास्त पानांचा होता, तो पुढे ढकलला. नोव्हेंबरमध्ये पन्नासेक पानांचा नवा आला, त्यात अमेरिकेच्या मूळनिवासींना "पहिले स्थलांतरित" म्हटलं होतं. तोही परत गेला. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये तिसरा मंजूर झाला. निवडून आलेल्या मंडळात व्यासपीठावरूनच दुरुस्त्या येतात, नेमलेल्या मंडळात आख्खा मसुदा बदलून येतो. आपल्या दृष्टीने फरक एवढाच: टेक्सासमध्ये तुमच्या मतदारसंघाचा सदस्य तुम्हाला ओळखता येतो. मंडळात १० रिपब्लिकन, ५ डेमोक्रॅट आहेत आणि आराखड्याला ८ मतं पडली, म्हणजे किमान दोन रिपब्लिकन विरोधात गेले. पक्ष बघून कोणाचं दार ठोठवायचं टाळू नका.

पिंपळपान

आता प्रत्यक्ष टप्पे कोणी सांगेल का? कुठे बोललं तर उपयोग?

तळटीप

साधारण क्रम असा. आधी आराखडा, म्हणजे कोणत्या इयत्तेला काय आणि किती. मग मंडळाने नेमलेले विषय-सल्लागार आणि शिक्षकांचे कार्यगट प्रत्यक्ष ओळी लिहितात. हे मसुदे टीईएच्या संकेतस्थळावर येतात. मग मंडळासमोर 'पहिलं वाचन'. त्यानंतर प्रस्ताव 'टेक्सास रजिस्टर' या राज्याच्या राजपत्रात छापून येतो आणि किमान ३० दिवसांनी 'दुसरं वाचन आणि अंतिम मंजुरी'. छापल्यापासून सहा महिन्यांत मंजुरी झाली नाही तर प्रस्ताव आपोआप बाद होतो.

लोक जागे होतात 'रजिस्टर'च्या टप्प्यावर, कारण बातमी तेव्हा येते. तिथे शब्द बदलतात, उदाहरण वाढतं, 'सच ॲज'चं 'इन्क्लूडिंग' होऊ शकतं. इयत्तांची वाटणी बदलत नाही. ती सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. "सहावी परत द्या" असं लिहिलेलं पत्र आता सभ्य उत्तर मिळवेल, बाकी काही नाही. कार्यगटांच्या टप्प्यावर आख्खी ओळ घालून घेता येते, आणि तिथे शिक्षकाचा शब्द पालकाच्या शब्दापेक्षा जड असतो. आपल्यात टेक्सासचे जे मराठी शिक्षक आहेत त्यांनी कार्यगटासाठी अर्ज करणं हे शंभर निषेधपत्रांहून मोलाचं.

लेखी सूचनेबद्दल: अभ्यासक्रमाचं नाव, कलमाचा आकडा, अक्षर, आताचा मजकूर, हवा असलेला मजकूर, दोन वाक्यांत कारण. एका सूचनेत एकच ओळ. मंजुरीच्या आदेशात आलेल्या सूचनांचा सारांश आणि त्या न मानण्याची कारणं द्यावी लागतात. एकच मजकूर दोनशे जणांनी चिकटवून पाठवला तर त्या सारांशात त्याची एक ओळ होते. दहा वेगवेगळ्या कलमांवर दहा सूचना गेल्या तर दहा उत्तरं द्यावी लागतात. तोंडी साक्षीला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात पाच हजार वर्षांच्या संस्कृतीची प्रस्तावना करू नका, सरळ कलमाच्या आकड्याने सुरुवात करा.

सदाशिवपेठी

पाच हजार वर्षांशिवाय आपल्याला सुरुवात करता येते का पण?

खडूफळा

करून बघू. इथेच एक ओळ लिहू. कोणीतरी पहिला मसुदा टाका.

जर्सीकर

"जगाच्या गणित, विज्ञान व अध्यात्माला प्राचीन भारताने दिलेल्या महान योगदानाचा आदर करणे."

खडूफळा

चार चुका, राग मानू नका. 'आदर करणे' तपासता येत नाही, त्यावर प्रश्न निघत नाही. 'महान' हे विशेषण पहिल्याच फेरीत उडतं. गणित, विज्ञान, अध्यात्म ही तीन वेगळी प्रकरणं एका अक्षरात बसत नाहीत. आणि धर्माबद्दल शिकवणं सरकारी शाळेला चालतं, श्रद्धा रुजवणं नाही. १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ही रेघ स्पष्ट आहे. 'अध्यात्माचा आदर' तिच्या पलीकडे जातो.

पिंपळपान

अंक घ्या फक्त. "भारतात विकसित झालेली दशमान स्थानमूल्य अंकपद्धती अरबी जगामार्गे युरोपात कशी पोहोचली ते स्पष्ट करणे, इन्क्लूडिंग शून्य."

मिनिटांच्या दृष्टीने ही ओळ स्वस्त आहे. इस्लामी जगातली विद्या आणि युरोपातला व्यापार हे दोन्ही विषय कोणत्याही कालक्रमाच्या अभ्यासक्रमात येतातच. नवव्या शतकातलं बगदाद, तिथला गणिती अल-ख्वारिज्मी, मग १२०२ मध्ये इटलीतला गणिती फिबोनाची. आपली ओळ त्याच तासात बसते, नवा तास लागत नाही. आणि ती मध्ययुगात पडते, म्हणजे तिसरी-चौथीच्या गर्दीत अडकायची नाही.

इलिनॉयकर

दुसरी ओळ अमेरिकेच्या इतिहासात मागा. नव्या आराखड्याचं वजन तिकडेच आहे, मग वारा असेल तिकडे पाठ द्या. "१९१७ ते १९६५ या काळातल्या कायद्यांचा आणि न्यायालयीन निर्णयांचा आशियातून येणाऱ्या स्थलांतरावर झालेला परिणाम विश्लेषित करणे, इन्क्लूडिंग १९६५ चा स्थलांतर कायदा, सच ॲज १९२३ चा भगतसिंग थिंड खटला आणि १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा."

न ओळखणाऱ्यांसाठी: थिंड अमेरिकी सैन्यात होते, तरी कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, पण वर्षाला कोटा फक्त १०० जणांचा. १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद अमेरिकेच्या संसदेवर, काँग्रेसवर, निवडून गेले, पहिले आशियाई-अमेरिकन सदस्य.

जर्सीकर

सौंद 'इन्क्लूडिंग'मध्ये हवेत. थिंडही.

पिंपळपान

सगळं 'इन्क्लूडिंग'मध्ये टाकलं तर मंडळ पहिल्यांदा तीच ओळ काटछाटीला घेतं. सक्तीचं एकच ठेवा, देशनिहाय कोटे संपवणारा १९६५ चा कायदा. तो आला की "त्याआधी काय होतं" हे सांगावंच लागतं आणि थिंड आपसूक येतात. सौंद नागरिकत्वाच्या भागात वेगळ्या ओळीवर टाका, तिथे लोकप्रतिनिधींची उदाहरणं असतात.

तळटीप

सहमत. एक इशारा: २०२१ च्या कायद्यानुसार वादग्रस्त चालू घडामोडींवर बोलायची सक्ती शिक्षकावर करता येत नाही, आणि बोललाच तर राजकीय झुकाव न ठेवता बोलावं लागतं. म्हणून या ओळीत आजचे व्हिसाचे प्रश्न, एच-वन-बी वगैरे आणू नका. १९६५ ला थांबा. आकडा आणि साल असलेला कायदा वादात पडत नाही.

खाडीकाठ

अंकांच्या ओळीत 'भारतात' राहू द्या. 'दक्षिण आशियात' की 'भारतात' हा वाद इथे काढला तर ओळ राहील बाजूला. कॅलिफोर्नियात २०१६ चा अर्धा वेळ त्यातच गेला.

खडूफळा

ठीक. अंकांची ओळ 'स्पष्ट करणे' या क्रियापदाने सहावी-सातवीला चालेल. कार्यगटाने ती खाली ओढली तर 'वर्णन करणे' करावं लागेल आणि फिबोनाची गळेल, शून्य राहील. दोन्ही प्रती तयार ठेवते. कलमाच्या आकड्याची जागा कोरी आहे, कार्यगटाचा मसुदा संकेतस्थळावर आला की भरते. स्थलांतराच्या ओळीला हायस्कूलच्या १८७७ नंतरच्या इतिहासात कुठे बसवायचं ते इलिनॉयकर, तुम्ही सध्याचा मजकूर शेजारी ठेवून बघा. तिथे चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा चिनी बहिष्कार कायदा आधीच आहे, त्याच अक्षराला जोडता आली तर उत्तम.